सशाचे कान

आमच्या ताईच्या सशाचे कान मी इतक्या वेळा बदललेत की आता डोळे मिटूनही कापता येतील. ससा म्हणजे हातात घालायची कापडी बाहुली. धड तेच, डोळ्यांची काळी बटणं तीच, पण कान दर वर्षी नवे. मुलांच्या तोंडाशी जाऊन जाऊन ते मळतात, ओले होतात, कधी टोकाशी चावलेही जातात. शाळेला सुट्टी लागली की ताई ससा माझ्या शिलाई मशीनवर आणून टाकायची आणि विचारायची, कान-नाक-घशाचे डॉक्टर मोकळे आहेत का. मी तिच्यासाठी जुन्या कोटाचं अस्तर काढून ठेवलेलं असायचं. ते मऊ असतं आणि कितीही धुतलं तरी विरत नाही.

ताई माझ्याहून मोठी आणि लहानपणापासून सरळ. इतकी सरळ, की कधी कधी तिला गदागदा हलवून सांगावंसं वाटायचं, बाई गं, माणसाने जरा तरी वाकावं. ती शाळेत शिकवायची तेव्हा लस टोचायला नर्स आली की बाकीच्या शिक्षिका मुलांना सांगायच्या, अजिबात दुखत नाही. ताई सांगायची, दुखेल, पण थोडंसंच, आणि मी हात धरून उभी राहीन. मुलं तिच्याच रांगेत घुसायची. दुकानदाराने चुकून एखादी वस्तू जास्त दिली तर ती परत करायला अर्धा रस्ता उलट जाणारी बाई ही. लग्न केलं नाही. माझ्या शिवणकामाच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, तिथे ती राहते. सकाळी तिची पावलं डोक्यावर वाजली की मी चहा टाकते.

पुढे तिने वर्ग सोडला आणि एकच धडा हातात घेतला. मुलांनी स्वतःला कसं जपायचं, कोणी नको तसा हात लावला, नको ते करायला सांगितलं, तर काय करायचं, हे शिकवायचा धडा. शहरातल्या शाळाशाळांतून ती तो शिकवत फिरायची. सशाच्या बाई म्हणून मुलं तिला रस्त्यातही हाक मारायची. लोक आवाज खाली करून मला विचारायचे, हिच्या बाबतीत काही घडलं होतं का? एकदा कोणीतरी तिलाच विचारलं. ती म्हणाली, आग विझवायला आलेल्या माणसाला तुम्ही विचारता का, तुझं घर कधी जळलं होतं?

धडा काही आठवडे चालायचा आणि त्याचा गाभा चार वाक्यांचा होता. नाही म्हणा. तिथून निघून जा. मोठ्या माणसाला सांगा. आणि चौथं, एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा, दुसऱ्याने नाही तर तिसऱ्याला, कोणी ऐकेपर्यंत सांगत राहा. हे चौथं वाक्य मुलं बाकं बडवून म्हणायची, कारण ताई त्यांना तशी मुभा द्यायची. शेजारच्या वर्गातले शिक्षक वैतागायचे.

मग ससा यायचा. तास संपताना प्रत्येक मुलाने पुढे येऊन सशाच्या कानात काहीतरी सांगायचं. काहीही चालेल. दात हलतोय, भावाने माझा खोडरबर गिळला, मला बाई आवडत नाहीत, काहीही. सशाचं डोकं ताईच्या खांद्याला टेकलेलं असायचं, म्हणजे ऐकायची ताईच, आणि हे मुलांना ठाऊक होतं. ताईचं म्हणणं असं की सांगणं ही सुद्धा सवयीची गोष्ट आहे. जो खोडरबराबद्दल कधी सांगत नाही तो मोठं काही एकदम कसं सांगेल? आणि दर वेळी ती शेवटी म्हणायची, "सशाच्या कानात सांगितलेलं वाया जात नाही." हे तिचं वचन होतं. ती मुलांना दिलेली वचनं पाळते, हे मी इंजेक्शनच्या दिवसांपासून पाहत आले होते.

या सगळ्यात तिच्या जोडीला तिची मैत्रीण होती. मुलं तिला मोठ्या बाई म्हणायची, कारण ती शहरातल्या एका शाळेची मुख्याध्यापिका. दोघी शिक्षिका व्हायला एकत्र शिकल्या, वसतिगृहात एका खोलीत राहिल्या, एकीचे बूट दुसरीने घातले. आमची आई दवाखान्यात होती तेव्हा ताईला झोप मिळावी म्हणून मोठ्या बाई आईच्या उशाशी बसल्या होत्या, आणि आईने शेवटचं पाणी त्यांच्या हातून घेतलं. धडा रचला तोही दोघींनी मिळून, माझ्या दुकानातल्या कापायच्या टेबलावर. नियमही तेव्हाच ठरला. एखाद्या मुलाने खरंच काही सांगितलं तर ताईने त्याला खोदून विचारायचं नाही, ते लगेच शाळेच्या मुख्याध्यापकांना सांगायचं, आणि मुख्याध्यापकांनी बालसंरक्षण कार्यालयाला कळवायचं. एकाने ऐकायचं, एकाने कळवायचं, एकाने तपासायचं, म्हणजे मुलाला दहा जणांपुढे तेच तेच बोलावं लागत नाही. चांगला नियम होता. अजूनही मला तो चांगलाच वाटतो.

मोठ्या बाईंचे यजमान निवृत्त झाल्यावर घरात बसून कंटाळले, तेव्हा शाळा सुटल्यावर वाचनखोलीत मुलांना बुद्धिबळ शिकवू लागले. ज्यांचे आईवडील कामावरून उशिरा येतात अशी मुलं तिथे थांबायची. बुद्धिबळाचे काका म्हणून त्यांची सगळीकडे वाहवा. ताई त्यांना भावोजी म्हणायची. तिच्या सांगण्यावरून मी त्यांच्या सोंगट्यांसाठी हिरवी पिशवी शिवून दिली, नाडीची. नाडी मीच ओवली.

गेल्या वर्षी त्या धड्याची परीक्षा घ्यायला एक तरुण माणूस आला. परीक्षा मुलांची नव्हे, धड्याची. याने खरंच काही फरक पडतो का, की नुसतं समाधान, हे सरकारला जाणून घ्यायचं होतं. त्याची पद्धत अशी, की काही शाळांत आत्ता धडा द्यायचा, काही शाळांना थांबायला सांगायचं, आणि दोन्हीकडच्या मुलांना धड्याआधी, धड्यानंतर आणि पुन्हा काही महिन्यांनी तेच प्रश्न विचारायचे. मग फरक मोजायचा. मी त्याचं नाव मोजपट्टी ठेवलं. मी ताईला म्हटलं, थांबलेल्या शाळांतल्या पोरांना या मधल्या वर्षात कोणी हात लावायचा नाही, हे त्याने ठरवून घेतलंय वाटतं. ताई मला रागावली. म्हणाली, इतकी वर्षं मी आंधळेपणाने शिकवत आलेय, एकदा कळू दे तरी. तिला मनापासून ती तपासणी हवी होती. ती आठ दिवस आधीपासून परीक्षा आपलीच असल्यासारखी घाबरली होती.

मोजपट्टीला धड्याचा मजकूर हवा होता, ठरावीक, सगळीकडे सारखा. मोठ्या बाई माझ्या दुकानात स्टुलावर बसून चहा पीत म्हणाल्या, तीन वाक्यं पुरे. चौथं काढून टाकू. त्यावर प्रश्न बनवणं अवघड आहे, लहान मुलांचा गोंधळ होतो, आणि 'एकाने ऐकलं नाही तर' असं म्हणून आपणच त्यांना सांगतो की मोठी माणसं ऐकत नाहीत. शाळांना ते खटकतं. ताई बराच वेळ अडून बसली. मोठ्या बाई हसून म्हणाल्या, अगं, पहिलाच नीट ऐकणारा असेल तर दुसरा लागतोच कशाला? शेवटी ताईने मान डोलावली. त्या गेल्यावर मला म्हणाली, तिला शाळा चालवायची असते, तिला यातलं जास्त कळतं. सशाच्या कानाचा भाग मात्र तिने सोडला नाही. तो मोजता येत नाही, असं मोजपट्टी म्हणाला, तेव्हा तिने सांगितलं, मग मोजू नका, तुमचा मजकूर शिकवून झाला की मी माझं करीन.

धड्यामुळे काही बिघडतं का, हेही त्याला मोजायचं होतं. मुलं उगाच घाबरतात का, आईबापांनी जवळ घेतलं तरी अंग चोरतात का, साध्या गोष्टीचा भलता अर्थ काढतात का. एका आईने तक्रार केली की तिच्या मुलाने न्हाव्याच्या खुर्चीत बसून "माझं शरीर माझं आहे" असं ठणकावून सांगितलं आणि अर्ध्या डोक्याचे केस कापलेले असताना उठून चालता झाला. आम्ही दोघी पोट धरून हसलो. मोजपट्टीने ते गंभीरपणे टिपून घेतलं.

मोठ्या बाईंच्या शाळेत तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. सतत काहीतरी कुरतडत बसायची, पेन्सिल, शर्टाची कॉलर, वेणीचं टोक, म्हणून सगळे तिला खारू म्हणत. सशाचा डावा कान त्या वर्षी तिनेच चावला. पहिले काही आठवडे ती सशाला विनोद सांगायची, तेही शेवट विसरून, आणि ताई घरी येऊन ते अर्धे विनोद मला ऐकवायची. मग एका आठवड्यात ती रांगेत सगळ्यांत शेवटी उभी राहिली. कानाशी तोंड नेऊन नुसतीच थांबली. वर्ग रिकामा होत आला तेव्हा बोलली. बुद्धिबळाचे काका वाचनखोलीचं दार लावून घेतात. मला तिथे थांबायचं नाही. ते म्हणतात हे गुपित आहे. आणखी दोन वाक्यं होती. ती मला माहीत आहेत, पण मी इथे लिहिणार नाही, ती तिची आहेत.

ताईने नियमाप्रमाणे काही विचारलं नाही. बरं केलंस सांगितलंस, तुझी यात काही चूक नाही, मी आजच पुढे सांगते, एवढंच म्हणाली. आणि नियमाप्रमाणे थेट मोठ्या बाईंच्या खोलीत गेली.

मी तिला नंतर विचारलं, अगं, ज्याच्याबद्दल सांगायचं त्याच्याच बायकोला? ती म्हणाली, नियम आहे. मग म्हणाली, आणि तिला हे दुसऱ्या कोणाकडून कळावं असं मला वाटलं नाही. ताईला दुसरी शंकाच आली नव्हती. आपण जे केलं असतं तेच आपली मैत्रीण करील, याबद्दल तिच्या मनात किंतु नव्हता. मोठ्या बाई पांढऱ्याफटक पडल्या म्हणे. टेबलाची कडा धरून बसल्या. मग ताईचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाल्या, "तू घरी जा. मी स्वतः कळवते. माझ्या हाताने कळवते." त्या संध्याकाळी ताई माझ्या स्टुलावर बसून रडली. मोठ्या बाईंसाठी रडली. केवढं धैर्य लागतं गं, असं म्हणत होती.

दुसऱ्या दिवसापासून बुद्धिबळ बंद. काका तब्येतीसाठी त्यांच्या भावाकडे गेले, असं शाळेत सांगितलं गेलं. ताईला वाटलं, तपास सुरू झाला. तिने विचारलं की मोठ्या बाई म्हणायच्या, हे गुप्त असतं, तुला सांगता येत नाही, तू तरी समजून घे. खारू शाळेत दिसेना. तिला थोडे दिवस घरीच ठेवायला सांगितलंय, हे उत्तर तयार होतं. ताईने तेही मानलं. मी म्हटलं, एकदा त्या कार्यालयात जाऊन आपणच विचारून ये. ताई माझ्यावर अशी कधी चिडली नव्हती. म्हणाली, जिने नवऱ्याविरुद्ध तोंड उघडलं तिच्या पाठीमागे जाऊन चौकशा करू? मी मशीन चालवत राहिले. पण माझ्या मनातून ते जाईना.

काही महिन्यांनी निकाल सांगायची सभा झाली. मोठं सभागृह, शिक्षणखात्याची माणसं, शहरातले मुख्याध्यापक. ताईने राखाडी कोट घातला होता, मी इस्त्री करून दिलेला. ससा व्यासपीठावर पाण्याच्या उलट्या ग्लासावर बसवला होता, उत्सवमूर्तीच जणू. मोठ्या बाई पहिल्या रांगेत, आम्ही दोघी तिसऱ्या. मोजपट्टी पडद्यावर रेघा दाखवत होता. धडा दिलेल्या शाळांतल्या मुलांना जास्त कळतं, आणि कळलेलं बरेच महिने टिकतं. टाळ्या झाल्या. ताईने माझा गुडघा इतक्या जोरात दाबला की मी ओरडणार होते. तिच्या आयुष्यभराच्या कामाला कोणीतरी पहिल्यांदा खरं म्हणत होतं.

मग तो दुष्परिणामांवर आला. अगदी नगण्य, म्हणाला. एका मुलाने न्हाव्याला अर्ध्यात सोडलं, यावर सभागृह हसलं. आणि त्याच आवाजात, हसू ओसरायच्या आत, तो पुढे म्हणाला, "एका शाळेत एका मुलीने धड्यानंतर एका ज्येष्ठ स्वयंसेवकाबद्दल चुकीची तक्रार केली. शाळेने स्वतः पडताळणी केली, पालकांचाही गैरसमज दूर झाला."

ताईने माझ्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला. खारूचं सांगणं त्यांनी न्हाव्याच्या शेजारी नेऊन बसवलं होतं. त्यांच्या लेखी ते धड्याचं यश नव्हतं, धड्याने झालेलं नुकसान होतं, आणि पुढच्या पडद्यावर तो त्याचं प्रमाण किती कमी आहे हे दाखवत होता.

ताई उभी राहिली. तिचा आवाज वर्गात असतो तसाच होता. "ती तक्रार माझ्याकडे झाली होती. ती चुकीची आहे हे कोणी ठरवलं?"

मोजपट्टी गोंधळला आणि त्याने पहिल्या रांगेकडे पाहिलं. मोठ्या बाई उठल्या, मागे वळल्या. मला वाटलं होतं त्या नजर चुकवतील. नाही. ताईकडे मायेने बघत त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या की आमच्या बाईंनी या कामाला जीव दिलाय, त्यांना वाईट वाटणं साहजिक आहे, पण मुलं कधी कधी धड्यातलीच वाक्यं उचलून बोलतात, आणि तेच समजून घ्यायला आपण ही तपासणी केली. लोकांनी माना डोलावल्या. एवढ्या समंजसपणे कोणी कोणाचा केसाने गळा कापलेला मी पाहिला नव्हता. आईच्या उशाशी बसलेली बाई ही. ओरडली असती, रडली असती, खोटं बोलताना अडखळली असती, तर मी तिला थोडी तरी माणसात धरली असती.

ताई रांगेतून बाहेर आली. व्यासपीठावर गेली, ग्लासावरून ससा उचलला आणि मधल्या वाटेने बाहेर पडली. मी मागे धावले. त्याच कोटात ती बालसंरक्षण कार्यालयात जाऊन बसली. तिथली अधिकारी बाई तिचं सगळं ऐकून म्हणाली, त्या शाळेकडून आमच्याकडे काहीच आलेलं नाही. या वर्षी नाही, आणि आधीही कधी नाही. ताईने दोनदा विचारलं, कधीच नाही? कधीच नाही, ती म्हणाली.

खरा तपास तेव्हा सुरू झाला. काका भावाकडे सापडले. तिथेही त्यांनी शेजारच्या मुलांना बुद्धिबळ शिकवायला घेतलं होतं, माझी हिरवी पिशवी घेऊन. हे ऐकलं त्या दिवशी मला मशीनवर बसवेना. मोजपट्टीने आपलं वाक्य मागे घेतलं. दुकानात येऊन ताईपुढे उभा राहिला आणि म्हणाला, शाळेने पडताळलं असं शाळेनेच सांगितलं, मी तेवढ्यावर थांबलो. मी त्याला बसायला सांगितलं नाही. ताईने सांगितलं.

बातमी पसरल्यावर एक तरुण मुलगी दुकानात आली. औषधाच्या दुकानात काम करते, मी तिला येता जाता पाहिली होती. ती त्याच शाळेत शिकलेली. तिने ताईकडे पाहिलं ते असं, की एखाद्या नात्यातल्या माणसाने दगा दिल्यावर त्याच्याकडे बघावं. ती म्हणाली, काकांबद्दल मी तेव्हाच मोठ्या बाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, मी सशाच्या बाईंना सांगते, त्या बघतील, तू आता दुसऱ्या कोणाला सांगू नकोस. मग म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्हाला माहीत आहे."

ताई खाली बसली. स्टुलावर नाही, जमिनीवर, कापडाच्या तुकड्यांत. मी तिला पाणी दिलं ते तिने नुसतं हातात धरलं. त्या मुलीला चौथं वाक्य पाठ होतं. ती दुसऱ्याकडे जायला निघालीच होती, आणि ताईचंच नाव सांगून तिला थांबवलं गेलं. ती मुलगी रस्त्यात ताईला पाहून पलीकडे जायची, आणि ताई मला म्हणायची, बघ, मोठी झाली की मुलं विसरतात.

मग आम्हाला तो चहा आठवला, माझ्याच स्टुलावरचा. तीन पुरे, चौथं काढून टाकू. तेव्हा मोठ्या बाईंना काय माहीत होतं आणि काय नव्हतं, यावर ताई अजूनही बोलत नाही. मी बोलते. त्यांना सगळं माहीत होतं. एका मुलीने एकदा त्यांना सांगितलं होतं, ती दुसऱ्याकडे जाऊ शकली असती याची धास्ती त्यांना होती, आणि संधी मिळाली तशी त्यांनी पुढच्या मुलांच्या तोंडातून ते वाक्यच काढून घेतलं. आणि ते माझ्या टेबलावर, माझा चहा पिऊन.

जबाब द्यायला गेलो तेव्हा कार्यालयाच्या जिन्यात मोठ्या बाई भेटल्या. वाळल्या होत्या. ताई वर चढत होती, त्या उतरत होत्या. कठडा धरून थांबल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यांपुढे उभं राहण्याआधी तू मला येऊन विचारायचं होतंस."

"पहिलं तुलाच सांगितलं होतं," ताई म्हणाली. आणि बाजूने निघून वर गेली. इतक्या वर्षांची मैत्रीण गेल्याचं दुःख तिला झालंच. ते झालं याचाही तिला राग आला.

खारूकडे जायचं धैर्य तिला बरेच दिवस होईना. मग एका दुपारी आम्ही दोघी गेलो. दार तिच्या आईने उघडलं. शाळेने बोलावून घेऊन तिला सांगितलं होतं की धडा ऐकून पोरीच्या डोक्यात भरलंय, आणि तिने ते मानलं होतं. खारूला तिने फोनवर काकांची माफी मागायला लावली होती. हे तिनेच दारात उभं राहून सांगितलं, खाली बघत, कोणी विचारलं नसताना. ताईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मला ते जमलं नसतं.

खारू मागच्या जिन्याच्या पायऱ्यांवर होती, पेन्सिल कुरतडत. ताई तिच्या शेजारच्या पायरीवर बसली आणि ससा दोघींच्या मध्ये ठेवला. खारूने त्याच्याकडे पाहिलं, पण हात लावला नाही. डावा कान अजून तसाच होता, टोकाला तिच्या दातांच्या खुणा असलेला. मी तो बदलला नव्हता.

ताई म्हणाली, मी तुला सांगितलं होतं की सशाच्या कानात सांगितलेलं वाया जात नाही. ते मी खरं केलं नाही. मी एकाच माणसाला सांगितलं आणि सगळं झालं असं समजले. तू खरं बोलली होतीस, चूक माझी झाली.

खारू बराच वेळ कुरतडत राहिली. मग तिने पेन्सिल खिशात ठेवली, ससा स्वतःच्या हातात चढवला आणि त्याचा चावलेला कान ताईच्या तोंडासमोर धरला. "आता तुम्ही सांगा," म्हणाली.

ताईने सांगितलं. खूप वेळ सांगत होती. मी खाली अंगणात उभी होते, मला शब्द ऐकू आले नाहीत, तिचे खांदे हलताना तेवढे दिसले. खारू सशाचं डोकं आपल्या खांद्याला टेकवून ऐकत होती, ताई वर्गात टेकवायची तसंच. ऐकून झाल्यावर तिने ससा काढला, कान हाताने सारखा केला आणि ताईच्या मांडीवर ठेवला.

"हे अजून कोणाला तरी सांगा हं, बाई," ती म्हणाली. "एकालाच सांगून काही होत नाही."

चौथं वाक्य आम्ही तिला शिकवलंच नव्हतं.